उघडू द्या, दुरुस्त करू द्या : सांगली जिल्ह्याच्या लोकप्रतिनिधींना खुले पत्र

प्रति,
सांगली जिल्ह्यातले आठही आमदार आणि ज्यांच्या मतदारसंघात हा जिल्हा येतो ते दोन्ही खासदार यांस,

स. न. वि. वि.

मी मिरजेत राहतो. सांगलीत मारुती रोडला लागून असलेल्या एका बोळात माझं दुरुस्तीचं दुकान आहे. आयटीआयला रेडिओ-टीव्हीचा ट्रेड केला, टेपरेकॉर्डरची हेडं साफ करण्यापासून सुरुवात झाली, मग टीव्ही आले, मग सीडी प्लेअर, आणि गेली अठराएक वर्षं मोबाइल. सगळी मिळून सत्तावीस वर्षं झाली. या सत्तावीस वर्षांत जे हाताखालून गेलं त्यावरून लिहितोय. मला अनुदान नको, कर्ज नको. विकत घेतलेली वस्तू बिघडली तर ती उघडता यावी, तिचा सुटा भाग मिळावा आणि ती दुरुस्त करणाऱ्याला कायद्याचा आधार असावा, एवढं एकच मागणं आहे. ते लहान वाटेल, पण त्याच्या एका टोकाला गरिबाचा खिसा आहे आणि दुसऱ्या टोकाला आपली माती आणि आपलं पाणी.

गेल्या महिन्यातली गोष्ट सांगतो. हळद निवडायचं काम करणाऱ्या एक मावशी दुकानात आल्या. आमच्या धंद्यात फोन हातात घेतला की त्याचा मालक कुठे कामाला आहे ते कळतं. गवंड्याच्या फोनमध्ये सिमेंट असतं, गुऱ्हाळावरच्या माणसाची बटणं चिकट झालेली असतात. मावशींच्या फोनच्या स्पीकरच्या जाळीत, चार्जिंगच्या तोंडात, बटणांच्या फटीत हळदीची पूड बसली होती. ‘आवाज येईना आणि चार्जिंग पण धरंना,’ एवढंच त्या म्हणाल्या. जाळीतली पूड ब्रशनं आणि दोन थेंब आयपीएनं (आमच्या कामातलं साफसफाईचं अल्कोहोल) निघाली, आवाज मोकळा झाला. पिन बदलायचं काम तर रोजचंच. पण मागचं झाकण एका कडेनं उचललं गेलं होतं, म्हणजे आत बॅटरी फुगलेली.

आता खरी अडचण पुढे आहे. ते झाकण काचेचं, आणि चारी बाजूंनी गोंदानं चिकटवलेलं. गरम करून, प्लास्टिकची पातळ पट्टी फटीत सरकवून, एकेक मिलिमीटर पुढे जात ते सोडवावं लागतं. फुगलेल्या बॅटरीला जास्त ऊबही देता येत नाही. बॅटरीही खाली गोंदानं चिकटवलेली. ती उचकटताना वाकली किंवा टोचली गेली तर जागेवर पेट घेते. पाऊण तास लागला. निघाली. पण तिच्या जागी काय बसवायचं? त्या मॉडेलची अस्सल बॅटरी कंपनी बाहेर विकत नाही. बाजारात मिळते ती कुणी बनवली, केव्हा बनवली, तिच्यावर छापलेली क्षमता खरी आहे का, यातलं काही मला सांगता येत नाही. कंपनीच्या सेवा केंद्रात मावशी आधीच जाऊन आल्या होत्या. तिथे साडेचार हजार सांगितले होते. फोन घेतला होता नऊ हजाराला.

‘भाऊ, मग हप्त्यावर नवाच घेऊ का?’ त्यांनी विचारलं.

हा प्रश्न मला दिवसातून चारपाच वेळा ऐकायला मिळतो, आणि दर वेळी उत्तर देताना अपराधी वाटतं. फोनचा बोर्ड चांगला, स्क्रीन चांगली, कॅमेरा चांगला. बिघडलेली वस्तू एकच, तीही झिजणारच असं आधीपासून ठाऊक असलेली. सायकलची ट्यूब पंक्चर झाली म्हणून सायकल टाकून द्या, असं आपण कुणाला सांगतो का?

डिजिटल म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर काहीतरी हवेतलं येतं. कागद वाचला, झाड वाचलं, रांग वाचली. सरकारी जाहिरातींतही असंच लिहिलेलं असतं. पण माझ्या टेबलावर जे उघडं पडतं ते हवेतलं नसतं. त्यात तांबं आहे, कथील आहे, सोनं आहे, टँटलम आहे, बॅटरीत लिथियम आणि कोबाल्ट आहे. जगातला बहुतेक कोबाल्ट आफ्रिकेतल्या काँगोमधून निघतो आणि तिथल्या काही खाणींत माणसं हातानं खणतात, त्यांत मुलंही असतात. हे सगळं जमिनीतून काढून, वितळवून, शुद्ध करून, जहाजानं फिरवून फोन तयार होतो. फोनमुळे हवेत जो कार्बन जातो त्याचा सर्वांत मोठा वाटा, साधारण पाचातले चार भाग, तो ग्राहकाच्या हातात येण्याआधीच गेलेला असतो. वापरताना फार थोडा जातो. तुम्हीच हिशेब करून पाहा : पाच हजार एमएएचची बॅटरी रोज पूर्ण चार्ज केली आणि चार्जरमध्ये वाया जाणारी वीज धरली, तरी वर्षाला नऊ-दहा युनिट होतात. म्हणजे वीज वाचवायला चार्जर बंद करा असं सांगण्यापेक्षा आहे तो फोन आणखी तीन वर्षं चालवा असं सांगण्यात कितीतरी पटीनं जास्त अर्थ आहे. आणि तो चालवायचा असेल तर कुणीतरी तो उघडायला पाहिजे.

पूर्वी उघडत होता. २००३ साली आलेला नोकियाचा ११०० हा फोन मी किती वेळा दुरुस्त केला असेल याला गणती नाही. नखानं झाकण निघायचं, बॅटरी हातानं बाहेर यायची, चारसहा स्क्रू काढले की बोर्ड हातात. कीपॅड, स्पीकर, माइक, डिस्प्ले, सगळं सुटं मिळायचं आणि माझ्याकडच्या नवख्या पोरालाही आठवड्यात जमायचं. माझ्या दुकानात आजवर आठ पोरं शिकली, त्यातल्या पाचांनी स्वतःची दुकानं टाकली. एक विट्यात आहे, एक जतला. आता शिकायला येणाऱ्या पोराला काय शिकवू? गोंद कसा सोडवायचा ते? बरं, एवढं करूनही काही महागड्या फोनांत दुसरंच घडतं. एकाच कंपनीचे, एकाच मॉडेलचे दोन फोन घ्या, एकाची अस्सल स्क्रीन काढून दुसऱ्याला लावा. काहींमध्ये लगेच सूचना येते की हा भाग ओळखीचा नाही, आणि एखादी सोय बंद पडते. भाग अस्सल, काम नीट केलेलं, तरी फोन म्हणतो मी याला ओळखत नाही. कारण प्रत्येक भागाचा नंबर बोर्डाशी बांधून ठेवलाय आणि ती गाठ सोडायची किल्ली कंपनीच्या हातात. ज्यानं पैसे मोजले त्याची वस्तू, पण किल्ली विकणाऱ्याकडे, हा कुठला व्यवहार?

काही यंत्रं तर न बिघडताच मरतात. १ जानेवारी २०२५ पासून अँड्रॉइडच्या किटकॅट या जुन्या आवृत्तीवर व्हॉट्सअॅप चालेनासं झालं. त्या आठवड्यात तीन जण ‘फोन खराब झाला’ म्हणून आले. फोनला काहीही झालेलं नव्हतं. तो फार जुना झाला होता हे मान्य. पण १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० ला कंपनीकडून मिळणारे नेहमीचे अपडेट थांबले, तेव्हा साधारण २०१८ आधीच्या बऱ्याच संगणकांपुढे प्रश्न उभा राहिला, कारण विंडोज ११ ला लागणारी सुरक्षेची चिप आणि प्रोसेसर त्यांच्यात नाही. आपल्या जिल्ह्यातल्या किती शाळांच्या संगणक खोलीत असे संगणक असतील ते तुम्ही एकदा मागवून बघाच. ते भंगारात काढायची काही गरज नाही. त्यांच्यावर लिनक्स ही विंडोजच्या जागी बसणारी फुकट प्रणाली चालते, आणि पाचवी-सातवीच्या पोराला टंकलेखन, चित्रं, आकडेमोड, इंटरनेट शिकायला ते भरपूर झालं. केरळनं सरकारी शाळांत गेली कित्येक वर्षं मुक्त सॉफ्टवेअर वापरून दाखवलंय. मी स्वतः एका शाळेचे अकरा संगणक असे पुन्हा चालू करून दिलेत. दोन दिवस लागले. खर्च म्हणाल तर चार रॅम, दोन हार्ड डिस्क आणि मास्तरांनी पाजलेला चहा.

महापुराबद्दल लिहिल्याशिवाय सांगलीच्या माणसाचं पत्र पुरं होत नाही. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णेची पातळी ५७ फुटांच्या वर गेली. धोक्याची पातळी ४५ फूट. माझ्या दुकानात माळ्याच्या फळीपर्यंत पाणी होतं. ओसरल्यावर शटर उघडलं तेव्हा गाळाचा वास आणि त्यात रुतलेले गिऱ्हाइकांचे सेट. पण त्या दिवसांत जे रस्त्यावर पाहिलं ते दुकानाच्या नुकसानीपेक्षा जास्त डोक्यात राहिलं. गावभागापासून कर्नाळ रोडपर्यंत प्रत्येक दारासमोर ढीग : टीव्ही, फ्रीज, मिक्सर, इन्व्हर्टरच्या बॅटऱ्या, सेटटॉप बॉक्स, पंखे, चिखलानं माखलेल्या गाद्या आणि भिजलेलं धान्य, सगळं एकाच ढिगात. ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या आल्या आणि सगळं एकाच ठिकाणी गेलं. त्यावेळी माणसं वाचवणं, रोगराई थांबवणं महत्त्वाचं होतं. कुणाला बोल लावत नाही. पण त्या ट्रॉल्यांतून शिसं गेलं, पारा गेला, बॅटरीतलं आम्ल गेलं, आणि गेलं ते आपल्याच पाणलोटात. २०२१ च्या जुलैत पुन्हा तेच. पूर पुन्हा येणार नाही असं छातीठोकपणे सांगणारं कुणी मला अजून भेटलेलं नाही.

त्या २०१९ च्या पुरानंतर मी आणि शेजारचे दोघे, आम्ही तिघांनी पंधरा दिवस दुसरं काही केलं नाही, फक्त भिजलेले सेट धुतले. बोर्ड काढायचा, त्यावरचं पत्र्याचं शील्ड उचकटायचं, आयपीएत बुडवून मऊ ब्रशनं घासायचं, पिनांवर धरलेला हिरवा काट काढायचा, ब्लोअरनं सुकवायचं, मीटर लावून शॉर्ट शोधायचा. लोकांना फोन हौसेसाठी नको होता. बँकेला नंबर हवा होता, पंचनाम्याचे फोटो त्यात होते, परगावच्या लेकीचा नंबर तोंडपाठ नव्हता. जे फोन हातानं उघडत होते त्यांची बॅटरी लोकांनी घरीच बाहेर काढून ठेवली होती. त्यातले पुष्कळ वाचले. जे बंद पेटीसारखे होते त्यांत बॅटरी आत तशीच, करंट चालू, आणि पाणी आत. माझ्याकडे येईपर्यंत पिना खाऊन गेलेल्या. हा माझ्या टेबलावरचा अनुभव आहे, कुणी अभ्यास केलेला नाही. कंपन्या म्हणतात गोंद पाण्यापासून बचावासाठी आहे. मग पाण्यापासून सुरक्षित असूनही बॅटरी हातानं काढता येते असे फोन त्याच बाजारात कसे मिळतात? युरोपीय महासंघानं २०२३ च्या बॅटरी नियमात असंच सांगितलंय की फेब्रुवारी २०२७ पासून अशा लहान उपकरणांची बॅटरी वापरणाऱ्याला काढता-बदलता आली पाहिजे. थोडे अपवाद आहेत, पण दिशा ठरली. जमतं, हे तर नक्की.

आता मिरजेकडे या. सतारमेकर गल्लीत कधी तासभर बसा. पंढरपूर भागातून आलेला भोपळा, तुणाचं लाकूड, आणि त्यातून उभा राहिलेला तानपुरा. २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. तुम्हीच सत्कार केलेत, पेपरात फोटो आले. त्या गल्लीत नवीन वाद्यांइतकीच जुनी वाद्यं दुरुस्तीला आलेली दिसतात. आजोबाचा तानपुरा नातू घेऊन येतो. भोपळ्याला तडा गेलेला, तारा जिच्यावर टेकतात ती घोडी झिजलेली. कारागीर घोडीवर कानस फिरवतो, तारेखाली दोरा सरकवतो, कान लावून ऐकतो, पुन्हा कानस. जवारी, म्हणजे तारेचा तो गुंजणारा सूर, लागली की तीच तार पुन्हा बोलायला लागते. हे होऊ शकतं कारण ज्यानं तो तानपुरा केला त्यानं मुळातच घोडी सुटी ठेवली, खुंट्या सुट्या ठेवल्या, झिजणार ते बदलता येईल असं केलं. मी लहानपणापासून हे बघत आलोय, आणि माझ्या कामाची समजही तिथूनच आली असं मला वाटतं. झिजणारा भाग कुठला हे बनवणाऱ्याला पहिल्या दिवसापासून माहीत असतं. तो सुटा ठेवायचा की गोंदानं गाडायचा, हे तो ठरवून करतो.

गाडलेली वस्तू जाते कुठे? आमच्या गल्लीतून आठवड्यातून एकदा मोटारसायकलवर टब-बादल्या बांधलेला माणूस भोंगा लावून जातो : जुने मोबाइल, बंद मोबाइल, फुटलेले मोबाइल द्या, बादली घेऊन जा. बायका कपाटातले तीनचार फोन काढून देतात. तिथून ते भंगारात, भंगारातून किलोवर मोठ्या शहरात. दिल्लीतलं सीलमपूर, उत्तर प्रदेशातलं मुरादाबाद ही नावं आमच्या धंद्यात सगळ्यांना माहीत आहेत. तिथे तांब्यासाठी वायरी जाळतात, सोन्यासाठी बोर्ड आम्लात बुडवतात, आणि हे काम करणाऱ्यांच्या फुफ्फुसांत तो धूर जातो. पण तेवढ्या लांब जायला नको. जिल्ह्यात कुठल्याही मोठ्या भंगाराच्या वखारीमागे संध्याकाळी उभे राहा, जळक्या वायरीचा वास तिथेही येतो. संयुक्त राष्ट्रांच्या अहवालाप्रमाणे २०२२ साली जगात ६ कोटी २० लाख टन ई-कचरा निघाला आणि त्यातला जेमतेम २२.३ टक्के नीट गोळा होऊन प्रक्रियेला गेल्याची नोंद आहे. उरलेल्याचं काय झालं त्याची नोंदच नाही.

आमच्या धंद्यातही दोष आहेत आणि ते लपवून मला तुमच्याकडे काही मागता येणार नाही. बनावट भाग अस्सल म्हणून लावणारे आहेत. गिऱ्हाइकाचे फोटो बघणारे आहेत, आणि त्यामुळे पोरीबाळी फोन दुरुस्तीला द्यायला घाबरतात. त्यांची भीती खरी आहे. कंपनीच्या बोर्डावर शिसं नसलेलं सोल्डर असतं, ते वितळायला २१७ अंशांच्या आसपास लागतात. आम्ही शिसं असलेली तार वापरतो, कारण ती १८३ अंशांना वितळते आणि बोर्ड कमी तापतो. तिचा धूर आम्ही वर्षानुवर्षं ओढतो. माझ्या दुकानात धूर ओढणारा पंखा मी तीन वर्षांपूर्वी बसवला, तोही डॉक्टरांनी दम दिल्यावर. आम्हाला हे शिकवलं कुणी? आयटीआयमध्ये माझ्या वेळी या गोष्टीचा एक तासही झाला नाही. आणि फुगलेल्या बॅटऱ्या कुठे द्यायच्या, हे आजही मला कुणी सांगितलेलं नाही. भंगारवाल्याला देऊन मोकळं होता येतं. तो त्या ठेचतो, कधी आग लागते. म्हणून मी देत नाही. दुकानामागे वाळू भरलेल्या पत्र्याच्या बादलीत पुरून ठेवतो.

कायदा नाही असं नाही. ई-कचऱ्याचे पहिले नियम २०११ चे. नवे २०२२ चे, १ एप्रिल २०२३ पासून लागू, आणि त्यांत १०६ प्रकारच्या वस्तू येतात. बॅटऱ्यांचे वेगळे नियमही २०२२ मध्येच आले. वस्तू बाजारात आणणाऱ्या कंपनीनं तेवढा कचरा प्रक्रियेला गेल्याचं प्रमाणपत्र घ्यायचं, असा त्याचा गाभा आहे. प्रमाणपत्रं ऑनलाइन विकत घेता येतात. त्यामुळे कंपनीचा कागद पुरा होतो, आणि आमच्या बोळातली बादली तशीच राहते. याच नियमांत दोन गोष्टी मात्र थेट तुमच्या हातातल्या आहेत. एक, शहरातल्या रोजच्या कचऱ्यात मिसळलेला ई-कचरा वेगळा काढून नोंदणी असलेल्या ठिकाणी पोचवायची जबाबदारी स्थानिक स्वराज्य संस्थांवर आहे. दुसरी, राज्य सरकारनं औद्योगिक वसाहतींमध्ये या कामासाठी जागा किंवा शेड राखून ठेवायची, यात काम करणाऱ्या कामगारांची नोंद करायची, त्यांचे गट बांधायचे, त्यांना प्रशिक्षण द्यायचं, त्यांच्या आरोग्याकडे बघायचं. हे सगळं नियमात लिहिलेलं आहे. कुपवाडच्या एमआयडीसीत अशी एक शेड मिळवून द्यायला नवा कायदा लागत नाही. विधानसभेत एक प्रश्न विचारा : राज्यात अशा किती शेड राखल्या, किती कामगारांची नोंद झाली, आणि आपल्या जिल्ह्यात किती? आठ जणांपैकी एकानं विचारला तरी पुरे.

खासदार साहेबांकडे वेगळं मागणं आहे. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागानं २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली, त्याच वर्षी डिसेंबरात त्यासाठी पोर्टल काढलं. पुढे २०२४ मध्ये मोबाइल आणि इतर इलेक्ट्रॉनिक वस्तूंच्या दुरुस्तीयोग्यतेला गुण कसे द्यायचे हे ठरवायला आणखी एक समिती झाली आणि तिनं २०२५ च्या मे महिन्यात अहवाल दिला. वस्तू किती खोलवर उघडावी लागते, माहिती मिळते का, सुटे भाग किती दिवसांत मिळतात, सॉफ्टवेअर किती वर्षं मिळणार, हत्यारं कोणती लागतात, स्क्रू कसले आहेत, अशा मुद्द्यांवर गुण. हे सहा मुद्दे वाचले तेव्हा मला पहिल्यांदा वाटलं की दिल्लीत कुणीतरी फोन उघडून बघितलाय. पण हे गुण कंपनीनंच स्वतःच्या वस्तूला द्यायचे, अशी त्यात कल्पना आहे. स्वतःचा पेपर स्वतः तपासणाऱ्याला कमी गुण पडलेले मी तरी पाहिलेले नाहीत. बाहेरच्या कुणीतरी दरवर्षी काही मॉडेलं उघडून तपासावीत, आणि त्या तपासणीत लहान दुकानातले कारागीरही असावेत, अशी मागणी संसदेत करा. गुण खोक्यावर मोठ्या आकड्यात छापा, मोबाइलनं कोड स्कॅन करून शोधायला लावू नका. फोन बंद पडलेला माणूस कोड कशानं स्कॅन करणार? फ्रान्सनं २०२१ मध्येच असे गुण लावणं सक्तीचं केलं. युरोपात २०२५ च्या जूनपासून फोनचे महत्त्वाचे सुटे भाग, विक्री थांबल्यानंतरही सात वर्षं, मिळाले पाहिजेत असा नियम आहे. त्याच कंपन्या, तेच फोन. तिथल्या गिऱ्हाइकाला जे देता येतं ते सांगलीच्या गिऱ्हाइकाला का नाही?

सरकार स्वतः सर्वांत मोठं गिऱ्हाईक आहे, हे विसरू नका. अंगणवाडी सेविकांची गोष्ट तुम्हाला आठवत असेल. पोषण आहाराच्या नोंदीसाठी राज्यभर लाखभर फोन दिले. ते अडकायला लागले, गरम व्हायला लागले, दुरुस्तीचा खर्च सेविकांच्याच गळ्यात पडायला लागला, आणि २०२१ च्या ऑगस्टमध्ये त्यांनी मोर्चे काढून ते फोन परत केले. आपल्या जिल्ह्यातल्या ताईही त्यात होत्या. मानधनावर काम करणाऱ्या बाईनं सरकारी फोन स्वखर्चानं दुरुस्त करायचा, ही वेळ निविदा काढताना एक अट घातली असती तर आली नसती : पाच वर्षं सुटे भाग, बदलता येणारी बॅटरी, तालुक्याच्या गावी दुरुस्ती. शाळांचे टॅब, तलाठ्यांचे लॅपटॉप, ग्रामपंचायतींचे संगणक, सगळ्यांच्या निविदेत ही अट घालता येते. ती तुमच्या सहीच्या आवाक्यातली गोष्ट आहे.

आपला जिल्हा अशा बाबतीत मागे राहणारा नाही. कडेगाव तालुक्यातल्या मोहित्यांचे वडगावनं २०२२ साली संध्याकाळी सातला भोंगा वाजवून दीड तास टीव्ही-मोबाइल बंद ठेवायचं ठरवलं, तेव्हा परदेशातले पत्रकार तिथे येऊन गेले. कुठला कायदा नव्हता, गावानं ठरवलं. यंत्र आपल्याला वापरणार की आपण त्याला, हे माणसं मिळून ठरवू शकतात, एवढं त्या गावानं दाखवलं. माझं म्हणणं त्याच्याच शेजारचं आहे. यंत्र किती वर्षं जगणार हेही आपल्यालाच ठरवता आलं पाहिजे.

मावशींचं काय झालं ते सांगायचं राहिलं. मी एका बंद पडलेल्या त्याच मॉडेलच्या सेटमधली बॅटरी तपासली, बरी निघाली, ती बसवली. झाकण पुन्हा चिकटवलं, क्लिपा लावून रात्रभर ठेवलं. साडेतीनशे रुपये घेतले. वर्षभर चालेल असं सांगितलं. त्याहून जास्त खात्री मला देता आली नाही.

अधिवेशनाला जायच्या आधी तुमच्यापैकी कुणी दुकानात येऊ शकलात तर या. सेट कसा उघडतो, कुठे अडतो ते टेबलावर दाखवीन, अर्धा तास पुरेल. आणि येणं जमलं नाही तरी एक उत्तर लेखी कळवा. दुकानामागच्या वाळूच्या बादलीत आज सकाळी मोजल्या तेव्हा एकोणचाळीस फुगलेल्या बॅटऱ्या होत्या. पावसाळा तोंडावर आहे आणि बोळात पाणी शिरायला फार वेळ लागत नाही. त्या कुठे नेऊन द्यायच्या?

आपला,
दुरुस्तीच्या धंद्यातला एक मतदार, मिरज